मन उठलं, अंग नाही उठलं

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणींनी मला जवळपास एकच प्रश्न विचारलाय, की तुला क्रॉनिक फटीग, म्हणजे तो न जाणाऱ्या थकव्याचा आजार, आहे ना, मग तू डिप्रेशनची गोळी का घेतेस, आणि घेतेसच तर मग थकवा अजून गेला का नाही? दर वेळी मी "सांगते नंतर" म्हणून टाळलं, कारण ह्याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही आणि अर्धवट दिलं तर समोरची चुकीचं काहीतरी धरून बसते. म्हणून आता सगळं एकदाच लिहिते. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, सहा वर्षं झाली आजारपणाला आणि त्यातली तीन वर्षं गोळी चालू आहे, तेवढ्यातलंच सांगतेय. डोसचे आकडे येतील ते माझे आहेत, ते बघून कोणी आपल्या गोळीत कमी-जास्त करू नका प्लीज.

सुरुवात तापाने झाली. साधा व्हायरल, आठ दिवसांत उतरला, सगळे म्हणाले अशक्तपणा राहतो थोडे दिवस. मी शाळेत शिकवायचे तेव्हा, दिवसातून पाच तास फळ्यासमोर उभी असायचे आणि घरी येऊन परत वह्या तपासायचे, त्यामुळे मलाही वाटलं की हळूहळू येईल ताकद. ती आलीच नाही. मला एक दिवस अगदी स्पष्ट आठवतो. चादर पिळून दोरीवर टाकायला दोन्ही हात वर केले आणि खांद्यापासून बोटांपर्यंत कोणीतरी जोर काढून घेतल्यासारखं झालं, हात वर राहीचनात, चादर ओलीच्या ओली परत बादलीत पडली आणि मी तिथेच भिंतीला टेकून जमिनीवर बसले. त्या वेळी मला वाटलं की हे वाईट आहे. खरं वाईट दोन दिवसांनी आलं. ताप नसताना ताप असल्यासारखं अंग, घसा सुजलेला, उजेड नकोसा, कोणी बोललं तर वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. एका चादरीपायी चार दिवस गेले.

ह्याला पीईएम म्हणतात, पोस्ट एक्झर्शनल मलेज, हे मला खूप नंतर कळलं. श्रम केल्यावर लगेच दमणं वेगळं, ते सगळ्यांनाच होतं. इथे क्रॅश उशिरा येतो, कधी बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी, आणि केलेल्या कामाच्या मानाने तो कितीतरी मोठा असतो. झोप होते पण झोपेने काही भरून येत नाही. आजाराचं निदान करताना डॉक्टर हेच बघतात: सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ पूर्वीसारखी कामं न जमणं, हा उशिरा येणारा क्रॅश, ताजंतवानं न करणारी झोप, आणि ह्यांच्या जोडीला डोक्यातलं धुकं किंवा उभं राहिल्यावर होणारा त्रास, ह्या दोनपैकी निदान एक. २०१५ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हे निकष मांडले. रक्ताची कुठलीही एक टेस्ट नाही की जी केली आणि आजार सापडला. माझं हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, डी, फेरिटिन, लिव्हर, किडनी सगळं तपासून झालं, सगळं नॉर्मल. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन रडलेली माणसं मी नंतर बरीच पाहिली, मीही त्यातलीच एक. (ह्या टेस्ट करायच्या मात्र असतातच, कारण थायरॉइड, रक्त कमी असणं, झोपेत श्वास अडकणं ह्या सगळ्यांत थकवा येतो आणि त्यांच्यावर सरळ सरळ उपाय आहेत.)

तर पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, मला दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाले हे डिप्रेशन आहे, शरीरात काही नाहीये. एक एसएसआरआय गोळी (डिप्रेशनवर देतात त्यातला एक प्रकार) लिहून दिली आणि रोज चालायला जा, दर आठवड्याला दहा मिनिटं वाढवा म्हणाले. मी मनापासून केलं ते सगळं. आठ आठवडे गोळी घेतली, थकव्यात तसूभर फरक नाही, आणि चालण्याने तर मी अशी झाले की सातव्या आठवड्यात बाथरूमपर्यंत जायला भिंत धरावी लागायची. परत गेले तर म्हणाले, तुमची बरं व्हायची इच्छा कमी पडतेय.

हे वाक्य मला फार लागलं. इतकं लागलं की मी ठरवूनच टाकलं, ह्यापुढे मानसिक आजाराची कुठलीही गोळी घ्यायची नाही, घेतली की सगळे म्हणणार बघा मनाचंच होतं. आता मागे वळून बघताना मला वाटतं की त्या डॉक्टरांचं चुकलं, पण माझा हा हट्ट मला त्यांच्या चुकीपेक्षा जास्त महाग पडला. कसं ते पुढे येतंच.

दुसऱ्या डॉक्टर भेटल्या त्या बहिणीच्या ओळखीतून. त्यांनी पहिल्याच भेटीत मला एक प्रश्न विचारला. म्हणाल्या, समजा उद्या सकाळी तुम्ही उठलात आणि अंगात पूर्वीसारखी ताकद आहे, तर काय काय कराल? मला विचार करावाच लागला नाही. शाळेत जाईन, सातवीच्या मुलांचा अर्धा राहिलेला धडा पूर्ण करेन, केस स्वतःच्या हाताने धुवेन, भाचीला घेऊन बाहेर जाईन, जिने चढून गच्चीवर जाईन, घरातली सगळी पुस्तकं काढून पुसून परत लावेन... मी बोलतच राहिले, त्यांनी हाताने थांबवलं, कारण मला धाप लागली होती. म्हणाल्या, हे डिप्रेशनचं उत्तर नाही. डिप्रेशनमध्ये बहुतेक वेळा माणसाला हवंच वाटेनासं होतं, तुम्हाला सगळं हवंय, शरीर देत नाहीये. मग त्यांनी मला आधी दहा मिनिटं आडवं झोपवलं आणि नाडी मोजली, मग उभं करून परत दहा मिनिटं मोजत राहिल्या. उभं राहिल्यावर ठोके मिनिटाला तीसपेक्षा जास्त वाढले. शरीरात काही नाहीये म्हणणाऱ्याने हे करूनच बघितलं नव्हतं.

तेव्हापासून पेसिंग सुरू झालं. म्हणजे अंगात असेल त्यापेक्षा कमीच खर्च करायचा, बरं वाटतंय म्हणून जास्त करायचं नाही, क्रॅशच्या आधी थांबायचं. ऐकायला सोपं आहे, करायला माझ्यासारखीला फार अवघड गेलं. वाढवत नेण्याच्या व्यायामाबद्दल एवढंच सांगते की ब्रिटनच्या नाइस ह्या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मधल्या नव्या मार्गदर्शनात तो उपचार म्हणून देऊ नका असं सांगितलं, आणि कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी (बोलून विचार आणि सवयी बदलायचा मानसोपचार) आजार बरा करायला म्हणून देऊ नका, आजारासोबत जगायला आधार म्हणून हवी असेल तर द्या असं म्हटलं. आधीच्या, २००७ च्या मार्गदर्शनात ह्या दोन्ही गोष्टी उपचार म्हणून होत्या. मला चालायला लावलं होतं त्याच्याशी ह्याचा थेट संबंध आहे म्हणून लिहितेय.

आता डिप्रेशनबद्दल, कारण ते आलं. आजाराच्या तिसऱ्या वर्षी आलं, हळूहळू आलं आणि मी ओळखलं नाही. नोकरी गेली होती, मैत्रिणींचे फोन कमी झाले होते, त्यात कोणाचा दोष नाही, दर वेळी "नाही जमणार" ऐकून माणसं तरी किती वेळा विचारणार. मी अंथरुणात पडून असायचे ते तर आधीपासूनच, त्यामुळे बाहेरून काहीच बदललेलं दिसत नव्हतं. आत बदललं होतं. आधी मी पडल्या पडल्या यादी करायचे, बरी झाले की हे करेन ते करेन. ती यादी बंद झाली. भाची आली की दार उघडल्याचा आवाज यायचा आणि मला वाटायचं ही आत येऊ नये. आई उशीखालची चादर सरळ करायची तेव्हा डोक्यात एकच वाक्य फिरायचं, मी नसते तर हिला एवढं वाकावं लागलं नसतं. रात्री झोपताना वाटायचं सकाळी जाग आली नाही तर बरं. मी हे कुणालाच सांगितलं नाही, जवळजवळ एक वर्ष. कारण सांगितलं तर गोळी देतील, आणि गोळी घेतली तर पहिल्या डॉक्टरांचं खरं होईल. एवढ्या एका गोष्टीसाठी मी एक वर्ष त्या अंधारात काढलं.

मग नेहमीच्या तपासणीला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, म्हणजे ताई मला जवळजवळ उचलूनच घेऊन गेली, आणि त्यांनी बोलता बोलता तोच जुना प्रश्न विचारला. उद्या सकाळी पूर्ण बऱ्या होऊन उठलात तर काय कराल? मी त्यांच्या टेबलाच्या कडेकडे बघत बसले. तिथे लाकडाचा एक छोटा टवका उडालेला होता, त्यावर मी अंगठा फिरवत होते. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी म्हटलं, काही नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ताईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं, आणि मग मला सरळ विचारलं की मरणाचे विचार येतात का. मी हो म्हटलं. मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं. इतकं सरळ कोणी विचारलं की उत्तर देणं सोपं जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. तिथे पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली भरायला देतात, नऊ प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं वगैरे. आता ह्यातले प्रश्न बघा: झोप, थकवा, भूक, लक्ष लागणं, हालचाल मंदावणं. क्रॉनिक फटीगवाल्या माणसाला ह्यातल्या बऱ्याच प्रश्नांवर पूर्ण मार्क पडणारच, मन ठणठणीत असलं तरी. त्यामुळे नुसती बेरीज बघून डिप्रेशन आहे म्हणणं आमच्या बाबतीत फसवं ठरू शकतं. माझ्या सायकियाट्रिस्टनी बेरजेपेक्षा बाकीच्या प्रश्नांवर बोट ठेवलं, कशात रस वाटतो का, उदास वाटतं का, आपण नालायक आहोत असं वाटतं का, मेलेलं बरं असं वाटतं का. तिथे माझी उत्तरं सगळी वाईट होती. म्हणाले, तुम्हाला दोन आजार आहेत, एकामुळे दुसरा खोटा ठरत नाही. मला त्या क्षणी किती सुटल्यासारखं वाटलं ते सांगता येणार नाही.

गोळी कुठली द्यायची ह्यावर त्यांनी बराच वेळ घेतला. त्यांनी जसं समजावलं तसं सांगते. थकव्यासाठी डिप्रेशनची गोळी चालते का हे तपासून झालंय. १९९६ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधला एक अभ्यास आला, ९६ पेशंट, काहींना डिप्रेशन होतं काहींना नव्हतं, निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम फ्लुओक्सेटिन आणि निम्म्यांना नुसती बिनऔषधाची गोळी, आठ आठवडे. थकव्यात फरक पडला नाही. म्हणजे माझ्या पहिल्या आठ आठवड्यांत जे झालं त्यात माझ्या इच्छेचा काही संबंध नव्हता! क्रॉनिक फटीगवर म्हणून अधिकृत मंजुरी असलेलं औषध नाहीच. कर्करोगात वापरतात त्या रिटक्सिमॅबकडून खूप आशा होती, नॉर्वेत मोठी ट्रायल झाली, २०१९ मध्ये निकाल आला, उपयोग नाही. व्यसन सोडवायला वापरतात ते नालट्रेक्सोन अगदी कमी मात्रेत काही लोक घेतात, पण त्याचा पुरावा अजून छोट्या अभ्यासांचाच आहे. तेव्हा गोळी जी द्यायची ती डिप्रेशनसाठी, झोपेसाठी, दुखण्यासाठी, ज्या त्या त्रासासाठी, आणि तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवायची.

मग निवड. मिर्टाझापिनने झोप येते पण भूक आणि वजन वाढू शकतं, सकाळी सुस्ती राहते. ड्युलॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन ह्या गोळ्या दुखण्यावर बऱ्या पडतात, ड्युलॉक्सेटिन तर खास करून, पण त्यांनी ठोके आणि बीपी वाढू शकतं आणि माझे ठोके उभं राहिलं की आधीच धावतात. अमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत, १० मिलिग्रॅम रात्री, झोपेसाठी आणि अंगदुखीसाठी देतात, ती मी ह्याआधी दुसऱ्या डॉक्टरांकडून घेऊन बघितली होती. झोप लागली खरी, पण तोंडाला कोरड इतकी की रात्री जीभ टाळूला चिकटायची, आणि सकाळी उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे काळं. तीन आठवड्यांत बंद केली. माझ्या एका ओळखीच्या बाईंना तीच गोळी फार छान लागू पडली आहे, त्यांना चक्कर नाही, त्यामुळे गोळीच वाईट असं मी म्हणणार नाही. शेवटी एस्सिटालोप्राम ठरली, तीही एसएसआरआयच.

साधारण माणसाला ती १० मिलिग्रॅमने सुरू करतात. माझी अडीचने झाली, पाचच्या गोळीचा अर्धा तुकडा. क्रॉनिक फटीगच्या पेशंटना औषधं पटकन लागतात, इतरांना जो डोस काहीच वाटत नाही तो आम्हाला आडवा करतो, म्हणून कमीपासून सुरू आणि हळूहळू वर. दोन आठवडे अडीच, मग पाच, मग बऱ्याच दिवसांनी साडेसात, मग दहा. पहिले दहा दिवस वाईट गेले, मळमळ, जबडा आवळल्यासारखा, आतून थरथर, झोप तुटक. मी घाबरले की हा क्रॅश आहे. सायकियाट्रिस्टनी आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्या दोन आठवड्यांतला त्रास बहुतेक उतरतो आणि फायदा त्यानंतर दिसायला लागतो, चार ते सहा आठवडे धरायचे, त्यामुळे टिकले. आणि दर चार दिवसांनी फोन करायचा अशी अट होती, कारण सुरुवातीच्या काळात बेचैनी वाढून नको ते विचार जोर धरू शकतात, पंचवीसच्या आतल्या मुलांमध्ये तर जास्तच लक्ष ठेवावं लागतं. गोळ्या ताईकडे असायच्या, माझ्याजवळ एका वेळी दोन दिवसांच्या. हे मला तेव्हा अपमानाचं वाटलं होतं. आज मी कोणालाही हेच करायला सांगेन.

त्यांनी एक वही करायला लावली. पानावर मधोमध रेघ, डावीकडे मन, उजवीकडे शरीर, रोज रात्री दोन्हीला दहापैकी आकडा. बाकी काही लिहायचं नाही, ताकद नसेल तर आकडे ताई टाकेल. मला वाटलं दोन्ही आकडे सारखेच येणार, शरीर पडलंय म्हणून मन पडलंय. पहिला महिना तसंच होतं, २ आणि २, १ आणि २.

सहाव्या आठवड्यात भाची नेहमीसारखी चित्र घेऊन आली. एक घर, एक झाड, आणि झाडावर कोणीतरी लाल कपड्यांत बसलेलं. मी विचारलं, ही कोण गं? ती म्हणाली, ती पडणारे पण तिला माहीत नाहीये. मी म्हटलं, मग पडल्यावर काय होतं? आणि ती सांगत असताना माझ्या लक्षात आलं की मी खरंच विचारलंय, मला खरंच जाणून घ्यायचंय पुढे काय होतं. वर्षभरात मला काहीही जाणून घ्यायचं नव्हतं. त्या रात्री वहीत मन ४, शरीर २.

इथून पुढची गोष्ट सांगायलाच मी हे सगळं लिहायला घेतलं, कारण ही मला आधी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

मन वर यायला लागलं तशी यादी परत सुरू झाली. दहाव्या आठवड्यात एका दुपारी मी उठले आणि शाळेचं कपाट उघडलं. जुन्या वह्या, मुलांनी दिलेली कार्डं, खडूचे डबे. एकेक काढलं, पुसलं, वेगळं लावलं. अडीच तास! मध्ये दोनदा आईने येऊन सांगितलं की बस कर, आणि मी म्हटलं, आई मला कित्येक वर्षांनी छान वाटतंय, नको ना थांबवू. ती गप्प बसली. तिचेही डोळे भरले होते, मला असं बघून. संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही नाही. मला वाटलं आपण सुटलो, गोळीने थकवापण गेला. दुसऱ्या रात्री दोन वाजता जाग आली ती घशात काटे आणि पायात शिसं घेऊनच. एकोणीस दिवस मी अंथरुणावरून उठले नाही, पाणीसुद्धा नळीने प्यायले.

घरात सगळ्यांचं मत पडलं की गोळी लागू पडेनाशी झालीय. माझंही तेच. ताईने फोन केला की डोस वाढवायचा का, किंवा बंद करायची का. सायकियाट्रिस्ट म्हणाले आधी वहीतले आकडे वाचून दाखवा. ताईने वाचले. शरीर १, १, १, ०, १. मन ५, ५, ४, ५, ५. फोनवर क्षणभर कोणीच बोललं नाही. मग ते म्हणाले, गोळी तिचं काम नीट करतेय. एवढा मोठा क्रॅश येऊनसुद्धा मन पाचाच्या खाली फारसं गेलं नाही, गेल्या वर्षी असा क्रॅश आला असता तर काय झालं असतं? मला उत्तर माहीत होतं. डोस तसाच ठेवला. शरीरासाठी विश्रांती, अंधार, शांतता, हळूहळू परत बसणं.

तर ज्या मैत्रिणी विचारतात त्यांना माझं हे सांगणं आहे. गोळीने मन वर आलं की शरीरही आलं असं वाटतं, आणि तेच सगळ्यात धोक्याचे आठवडे असतात. डिप्रेशनमध्ये पेसिंग आपोआप होत असतं, काही करावंसंच वाटत नाही. ते उठलं की इच्छा परत येते आणि इच्छेला शरीराची मर्यादा दिसत नाही. गोळी सुरू करताना डॉक्टरांनी साइड इफेक्ट सांगितले होते सगळे, हा एक राहिला होता, कारण हा गोळीचा साइड इफेक्ट नाहीच, हा बरं वाटण्याचा परिणाम आहे. आता कुठलाही डोस वाढला की आम्ही त्यानंतरचे दोन महिने कामं उलट कमी करतो. घड्याळाचा अलार्म लावते, वीस मिनिटं झाली की हातातलं जे असेल ते ठेवायचं, कितीही छान वाटत असलं तरी.

बाकी काही गोष्टी पटापट सांगते. गोळी अचानक बंद करू नका, मी एकदा चार दिवस चुकवली होती तर डोकं हलवलं की विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं आणि चक्कर, परत घेतल्यावर गेलं. बंद करायची तर आठवड्या-आठवड्याने उतरवत. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर ही गोळी चालू आहे हे सांगाच, दुखण्यावरचं ट्रामाडॉल आणि खोकल्याच्या काही औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन ह्यांच्याशी हिचं जमत नाही, सेरोटोनिन जास्त होऊन ताप, थरथर, गोंधळ होऊ शकतो. हिच्यासोबत अमिट्रिप्टिलिन द्यायची ठरली तर ईसीजी काढून बघतात. आणि गोळीनंतर थकवा अचानक वाढला, सोबत डोकेदुखी आणि गोंधळल्यासारखं झालं तर सोडियम तपासून घ्या, वयस्कर माणसांनी तर नक्कीच. आपल्याला सगळं "तुमचा नेहमीचा थकवा" म्हणून ढकलायची सवय असते, डॉक्टरांनाही आणि आपल्यालाही.

नातेवाइकांपैकी एका काकांनी परवा विचारलंच, गोळीने फरक पडला म्हणजे मनाचंच होतं ना शेवटी? मी त्यांना शांतपणे सांगितलं, काका, जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्येच हा आजार मज्जासंस्थेच्या आजारांत घातला. आणि गोळीने माझं डिप्रेशन गेलं, हात अजून वर होत नाहीत. कोणाला हृदयाचा आजार असतो आणि त्यामुळे डिप्रेशन येतं, त्याला आपण गोळी देतो, मग हृदयाचा आजार मनाचा होता असं म्हणतो का? काकांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, नाही. मग म्हणाले, आम्ही तुला फार बोललो गं. मला एवढं पुरलं.

ज्या कोणाला आत्ता रात्री वाटत असेल की सकाळ नको, त्यांनी माझ्यासारखं वर्ष घालवू नका. आजच्या आज घरातल्या एकाला सांगा, डॉक्टरला सांगा, अगदी हेच शब्द वापरून सांगा. थकवा खरा आहे हे सिद्ध करायला मन आजारी ठेवायची गरज नाही.

आता माझा डोस दहा आहे, वर्षभर तोच. पंधरा दिवसांतून एकदा फोनवर वीस मिनिटं काउन्सेलरशी बोलते, झोपूनच. शाळेत परत गेलेले नाही. शाळेतल्या एका मुलीला आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं व्याकरण सांगते, फोन छातीवर ठेवून, डोळे मिटून. केस अजून आईच धुते.

ताई रोज रात्री साडेनऊला फोन करते. आधी विचारायची, "कशी आहेस?" आणि मी काय सांगायचं ते न कळून "ठीक" म्हणायचे. आता तसं विचारत नाही.

"बोल, मन किती?"

"सहा."

"आणि अंग?"

"तीन. आज दुपारी बसून होते थोडा वेळ."

"किती वेळ?"

"अलार्म होईपर्यंत."

"बरं," म्हणते, आणि तिच्याकडच्या वहीत लिहून घेते.